नोटीस लागली, पण जायचे कुठे?



मे महिना सरत आला की आपल्या घराघरांत एक यादी होते, मुलांच्या वह्या-पुस्तकांची आणि रेनकोटची. त्याच सुमारास ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकाही एक यादी जाहीर करतात, धोकादायक इमारतींची. पहिली यादी आपण तीनतीनदा तपासतो. दुसरीत आपली इमारत नसेल, तर वर्तमानपत्राचे पान उलटतो.

गेल्या वर्षी मीही ते पान उलटले होते. मग एका शुक्रवारी डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत आजारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो. जिन्याच्या तोंडाशी नोटीस चिकटवलेली होती. गॅलरीला लाकडी टेकू दिले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या खांबाचे प्लॅस्टर गळून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. प्रार्थना झाल्यावर आजी म्हणाल्या, "फादर, खालची नोटीस वाचलीत ना? पोरगा म्हणतो, बाहेर पडू. पण चाळीस वर्षांची पागडीची खोली आहे. एकदा कुलूप लावून गेलो, तर मालक परत आत घेईल का?"

मी म्हणालो, "आजी, देवावर भरवसा ठेवा. तो वाट दाखवील." आशीर्वाद दिला आणि निघालो. वर जाताना मी सावकाश गेलो होतो. उतरताना मात्र भरभर उतरलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आले, की मला माझ्या जिवाची काळजी वाटली होती आणि त्यांना मी नुसते शब्द देऊन आलो होतो. उघड्या, उपाशी भावाला काहीही न देता नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्या माणसाबद्दल संत याकोब आपल्या पत्रात विचारतो, की अशा श्रद्धेचा उपयोग काय? तो प्रश्न त्या दिवशी माझ्यासाठीच होता.

बायबलमधील एक तपासणी

लेवीय या पुस्तकाचा चौदावा अध्याय आपण मिस्सामध्ये क्वचितच ऐकतो. त्यात घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्याविषयीचे नियम आहेत. भिंतीत काहीतरी बिघडले आहे असे दिसले, की घराच्या मालकाने स्वतः याजकाकडे जाऊन सांगायचे. याजक तपासणीला येण्यापूर्वी घर रिकामे करायला लावतो, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी आतले सामान वाचावे. घर सात दिवस बंद राहते. मग खराब झालेले दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून पुन्हा गिलावा करायचा. एवढे करूनही चट्टा परत आला, तर घर पाडायचे आणि दगड, लाकूड, माती सगळे गावाबाहेर नेऊन टाकायचे.

आजची महापालिका काय करते? इमारत 'सी-१' ठरली, तर ती ताबडतोब रिकामी करून पाडायची. 'सी-२ए' असेल, तर रिकामी करून दुरुस्त करायची. 'सी-२बी' असेल, तर लोक राहत असतानाच दुरुस्ती करायची. 'सी-३' असेल, तर किरकोळ डागडुजी. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट मालकाने किंवा सोसायटीने स्वतःहून करून घ्यायचे. हजारो वर्षांचे अंतर असूनही क्रम जवळपास तोच आहे.

मात्र लेवीयच्या त्या अध्यायात एक गोष्ट लिहिलेली नाही. घर पाडल्यावर त्यातले कुटुंब कुठे गेले? लिहायची गरज पडली नसावी. भाऊबंद होते, कुळ होते, कोणाच्या तरी अंगणात जागा होती. आपल्या शहरांत ते कुळ उरलेले नाही. म्हणून नोटिशीच्या कागदावर जे लिहिलेले नसते, तेच आज सर्वांत मोठे संकट झाले आहे.

माणसे आत का होती?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलने आमचा पिच्छा पुरवला होता. एका 'का?'ला एकच उत्तर नसते, असे तो सांगतो. इमारत का पडली? सळई गंजली म्हणून. पण माणसे आत का होती? याचे उत्तर सळईत सापडत नाही.

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत जुनी इमारत कोसळली आणि नऊ माणसे गेली. आठवडाभरात, ४ ऑगस्टला, ठाण्यात नौपाड्याच्या बी-केबिन भागात दुसरी इमारत कोसळली आणि तिथेही अनेक माणसे गेली. ठाकुर्लीच्या इमारतीला नोटीस मिळालेली होती, तरी लोक राहत होते. आपण चटकन म्हणतो, "सांगूनही ऐकत नाहीत." पण ते आत राहतात, कारण बाहेर विश्वासाची जागा नसते. भाड्याच्या घराला अनामत रक्कम लागते, मुलांची शाळा इथेच असते आणि परत येण्याची खात्री कोणी देत नाही. बेघर होण्याची सुरुवात इमारत पडते त्या दिवशी होत नाही. मालक, सोसायटी, बिल्डर आणि महापालिका हे चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात, त्या महिन्यांतच ती झालेली असते.

मुंबई शहरातील जुन्या उपकरप्राप्त चाळींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि त्याची संक्रमण शिबिरे झाली. हे मंडळ आपल्याकडे लागू नाही. म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घर देणारे आणि महापालिका यांनी हातात हात घालूनच काम करावे लागते. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट कागद. इमारत रिकामी करून घेताना कोणता रहिवासी किती क्षेत्रफळ वापरत होता याची नोंद महापालिकेने करावी, असे राज्य शासनाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही. हे वाक्य मला माहीत असते, तर आजींना मी दुसरे उत्तर दिले असते.

दुसरी गोष्ट तात्पुरता निवारा. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला जादा चटई क्षेत्र मिळायचे आणि त्या बदल्यात त्याने १६० चौरस फुटांची छोटी घरे बांधून द्यायची. ठाण्यात अशी घरे महापालिकेच्या हाती आली आणि धोकादायक इमारतींतील अनेक कुटुंबांना त्यांत आसरा मिळाला. बांधणारा, प्राधिकरण आणि महापालिका एकत्र आले, म्हणून ते शक्य झाले.

तिसरी गोष्ट परतीची वाट. तात्पुरत्या घरात गेलेली काही कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच अडकतात, कारण मूळ जागी इमारत उभीच राहत नाही. कधी मालक आणि भाडेकरू यांचे जमत नाही, तर कधी मूळ बांधकामच बेकायदा असल्याने एकट्या इमारतीला परवानगी मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून ठाण्यात क्लस्टर, म्हणजे समूह विकासाची योजना आली. किसननगरला २०२३ मध्ये तिचे भूमिपूजन झाले. तिची खरी परीक्षा किती मजले चढले यावर नाही, तर जुन्या रहिवाशांपैकी किती जण परत आले यावर होणार आहे.

या तीनपैकी एक जरी सुटली, तर माणूस एक तर रस्त्यावर येतो, नाही तर तडा गेलेल्या छताखाली झोपतो.

कार्यालये एकमेकांशी बोलली नाहीत, की नव्या इमारतीतला माणूससुद्धा बेघर होऊ शकतो, हे डोंबिवलीने पाहिले आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून इमारती उभ्या राहिल्या, त्याच कागदांवर महारेराची नोंदणीही मिळवली गेली. लोकांनी बँकेचे कर्ज काढून घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी हप्ते भरले, त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. एका कार्यालयाने दुसऱ्याला वेळीच "ही परवानगी तुमचीच ना?" एवढे विचारले असते, तर हजारो माणसांची झोप वाचली असती.

कठडा आणि बुरूज

अनुवाद या पुस्तकात देवाची एक साधी आज्ञा आहे: नवे घर बांधशील, तेव्हा गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. माणूस पडल्यावर त्याला उचलणे ही दया आहे आणि ती हवीच. पण देव त्याच्या आधीचे मागतो. कठडा आधी बांधायचा असतो.

शुभवर्तमानात शिलोहाच्या बुरुजाची आठवण येते. तो कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती का, असे विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला स्लॅब कोसळून सहा जण गेले. मेलेल्यांचे काय चुकले, हा प्रश्न येशूने बंद केला आहे. उरलेल्यांनी काय बदलायचे, हा त्याने उघडा ठेवला आहे.

१९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने बेघरांच्या निवाऱ्यासाठी वाहिले होते. त्या वर्षी व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने एक पत्रक काढले. त्याचे शीर्षकच एक प्रश्न होता: आपल्या बेघर भावाचे तू काय केलेस? काइनाला देवाने विचारलेल्या प्रश्नाची त्यात आठवण आहे. आपल्या धर्मग्रामापुरते त्याचे उत्तर मी असे मांडतो.

तुमच्यापैकी काही जण सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार आहात. ऑडिटचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलू नका. कठडा म्हणजे तोच.

काहींचे टिटवाळा, बदलापूरकडे घेतलेले घर रिकामे आहे. आपणही घर देणारे आहोत, हे आपण विसरतो. नोटीस लागलेल्या एखाद्या कुटुंबाला ते अकरा महिन्यांच्या करारावर, परवडेल अशा अनामतीत द्याल का? करार रीतसर नोंदवा, म्हणजे दोघांनाही भीती राहणार नाही.

ज्यांच्या इमारतीला नोटीस आहे, त्यांनी लाजू नये. लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत सांगा. भाडेपावत्या, वीजबिले, रेशनकार्ड एकत्र ठेवा, त्यांचे फोटो काढा. खोलीच्या क्षेत्रफळाची नोंद लेखी मिळावी म्हणून प्रभाग कार्यालयात अर्ज करा.

त्या आजींचे पुढे काय झाले, ते सांगतो. पुढच्या आठवड्यात संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे दोघे जण आणि मी त्यांच्या मुलाबरोबर प्रभाग कार्यालयात गेलो. तीन खेपा झाल्या. शेवटी खोली मोजली गेली आणि कागद मिळाला. आपल्याच एका कुटुंबाने बदलापूरचे रिकामे घर त्यांना भाड्याने दिले. जून लागण्याआधी आजी तिकडे गेल्या. जुनी इमारत पाडली आहे. नवीन कधी होणार, याबद्दल मालक अजून काही बोलत नाही, म्हणजे लढा बाकी आहे. पण मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा आजींनी प्रार्थनेच्या पुस्तकातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद काढून दाखवला. म्हणाल्या, "फादर, आता झोप लागते."

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात आपले एक वकील, एक सिव्हिल इंजिनिअर आणि समूहांचे प्रतिनिधी बसणार आहेत. नोटीस असलेल्यांनी कागद घेऊन यावे. ज्यांच्याकडे रिकामे घर आहे, त्यांनी किल्लीचा विचार करून यावे.

ज्याला जन्माच्या वेळी धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तो प्रभू येशू या पावसाळ्यात तुम्हा सर्वांच्या छपरांचे रक्षण करो, आणि ज्यांचे छप्पर डळमळीत आहे, त्यांच्यासाठी तुमचे दार उघडो.

तुमचा,
फादर