परीक्षा आणि न्याय

गेल्या उन्हाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं पेढे खाण्याचा योग आला. त्यांच्या चिरंजीवांस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत उत्तम गुण पडले होते. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगीही त्याच परीक्षेस बसली होती. तिचा प्रवेश थोडक्या गुणांनीं हुकला. तिचा विषय निघाला तेव्हां स्नेही म्हणाले, "वाईट वाटतें खरें, पण पेपर दोघांना एकच होता, वेळ एकच होता. यांत अन्याय कोठें आला?" पेढा तोंडांत असल्यामुळें मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तें आतां देण्याचा प्रयत्न करतों.

प्रथम परीक्षेच्या बाजूचें सत्य मान्य केलें पाहिजे. परीक्षा ही वशिल्याची वैरीण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठ मुलकी जागा पूर्वीं डायरेक्टरांच्या मर्जीनें मिळत. १८५५ पासून त्या खुल्या स्पर्धेनें मिळूं लागल्या. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं, मुंबई विद्यापीठानें खाजगी रीतीनें अभ्यास करणारांस प्रवेशपरीक्षेला बसूं दिलें याबद्दल संतोष व्यक्त केला, आणि तीच सवलत पदवीच्या परीक्षांनाही मिळावी अशी अपेक्षा प्रकट केली. कॉलेजचा खर्च ज्यास झेपत नाहीं त्याला परीक्षा हेंच एक दार असूं शकतें.

परंतु मुलकी नोकरीच्या त्या परीक्षेची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. ती केवळ लंडनला होत असे. हिंदी मनुष्यास तींत मज्जाव करणारा नियम नव्हता. पेपर एकच, वेळ एकच, परीक्षकही तेच. मात्र एका उमेदवारास गाडीभाडें पुरे होई, आणि दुसऱ्यास समुद्र ओलांडावा लागे. १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले; दार उघडें असल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवितां येत होतें. पुढें १८७० नंतरच्या दशकांत वयोमर्यादा एकविसावरून एकोणिसावर आली. नियम पुनः सर्वांना सारखाच. घाव मात्र एकाच बाजूला. हिंदुस्थानांत ती परीक्षा प्रथम १९२२ सालीं झाली. तोंपर्यंत कागदावरची समता अगदीं अबाधित होती!

आजचा समुद्र खाऱ्या पाण्याचा नाहीं. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा २०१७ पासून मराठींतूनही देतां येते. समुद्र आहे तो लातूरच्या किंवा कोट्याच्या शिकवणीवर्गांत काढावयाच्या दोन वर्षांचा. २०२५ सालच्या परीक्षेंत १८० प्रश्नांसाठीं १८० मिनिटें होतीं. मिनिटाला एक प्रश्न सोडविण्यास ज्ञान लागतेंच, पण त्याहून अधिक सराव लागतो. आणि सराव विकत मिळतो. चिरंजीवांनीं तो दोन वर्षें अखंड केला. त्या मुलीनें तो सकाळीं दोन घरचीं भांडीं उरकून केला.

मग परीक्षा खोटें बोलली काय? नाहीं. त्या दिवशीं कोणीं किती उत्तरें बरोबर दिलीं, एवढेंच ती सांगते, आणि खरें सांगते. त्या आंकड्यापुढें "लायकी" हा शब्द आपण लिहितों. धांवणाऱ्यांनीं कोठून धांवण्यास आरंभ केला हें न विचारतां केवळ कोण आधीं पोहोंचला तें मोजणें ही मापाची चूक नव्हे. ती मोजणाऱ्याची आहे.

म्हणून तराजू मोडावा असें मी म्हणत नाहीं. तो मोडल्यास प्रथम वशिला परत येईल. अमेरिकेंत २०२० च्या साथींत अनेक विद्यापीठांनीं प्रवेशचांचणीची अट शिथिल केली. परंतु मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेनें २०२२ सालीं ती पुनः लागू केली. चांचणीवांचून गरीब घरचीं हुषार मुलें ओळखणें कठीण जातें, असें तिचें एक कारण होतें. तेव्हां माप राहूं द्यावें. पण गुणांशेजारीं विद्यार्थ्यानें तोडलेलें अंतरही वाचावें, आणि तें अंतर सरकारी शाळेंतच कमी करावें. पहिलें केल्यावांचून निवड न्याय्य होणार नाहीं, दुसरें केल्यावांचून समाज.

राहिला तो पेढा. खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं मी गप्प राहिलों तो पेढ्यामुळें नव्हे. माझीं स्वतःचीं मुलें त्याच शिकवणीच्या नावेंतून पैलतीरीं गेलीं. आणि त्यांचे पेढे वाटतांना मींही "लायकी" हाच शब्द वापरला होता.