कठडा कोणासाठी?

पिनर, हॅरो, वेंब्ली ह्या भागात राहणारी आपली मंडळी मलिद्याच्या किंवा बारशाच्या निमित्ताने एकत्र जमली, की आजही कधी ना कधी करोनाचा विषय निघतो. विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "आम्ही नियम पाळले, म्हणून आम्हांला काही झाले नाही." दुसरा म्हणतो, "नियमबियम काही नाही हो, ज्याच्या नशिबात होता त्याला झाला." दोघांकडेही दाखले तयार असतात. सहा महिने उंबरठा न ओलांडणाऱ्या आजीबाईंना रोगाने गाठले, आणि रोज मेट्रोपॉलिटन लाइनने कामावर जाणारा त्यांचा नातू ठणठणीत राहिला. चहा थंड होईपर्यंत वाद चालतो आणि कोणाचेच मत न बदलता संपतो.

हा वाद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. 'आम्ही काळजी घेतली म्हणून वाचलो' ह्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तो असतोच. तो असा, की 'जे गेले त्यांनी काळजी घेतली नसेल.' आणि 'ज्याच्या नशिबात होता त्याला झाला' ह्याचाही उरलेला अर्धा भाग आहे: 'मग काळजी घेऊन उपयोग काय?' ही दोन न बोललेली अर्धी वाक्ये तपासून पाहावीत, एवढ्यासाठीच हा लेख.

ते दिवस आठवा. १९ मार्च २०२० रोजी पिनरपासून थोड्याच अंतरावरच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात अतिदक्षता विभागातील खाटा संपल्या आणि तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. २३ मार्चला सारा देश घरात बसला. ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाहचा पहिला सेदेर होता. ज्या टेबलाभोवती वीस माणसे दाटीवाटीने बसायची, तेथे कोठे दोघे होते, तर कोठे एकटेच. अंत्यविधीला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माणसे. दुखवट्याला कोणाच्या घरी जाणे नाही, रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवणे नाही. जे काही सांत्वन ते टेलिफोनवर. आणि त्या टेलिफोनवर पहिला प्रश्न कोणता असायचा? "कुठून लागला हो त्यांना?"

प्रश्न काळजीपोटी विचारलेला असे, हे मान्य. परंतु ज्याच्या घरातले माणूस गेले आहे त्याला तो कसा ऐकू येत असेल? बाजारात गेले होते का, नातवंडांना भेटले होते का, मास्क लावत नव्हते का, अशी ती उलटतपासणीच होई. विचारणाऱ्याला मनातून एवढेच हवे असे, की गेलेल्या माणसाची एखादी चूक सापडावी. चूक सापडली की आपण ती केलेली नाही असे म्हणता येते, आणि रात्री झोप लागते. त्याच वर्षी येथील सरकारी आकडेवारीत दिसून आले, की वय, वस्ती, राहणीमान ह्यांचा हिशेब करूनही ज्यू पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते. तेव्हाही बाहेरच्यांनी आणि आपल्यातल्यांनीही 'ह्यांनी नियम पाळले नसतील' असा निष्कर्ष झटकन काढला. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हे अशा निष्कर्षांचे मोठे सोयीचे असते.

आता नशिबाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी प्रामाणिकपणे पाहू. २०२१ साली लंडनमध्येच, हॅम्पस्टेडच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक प्रयोग झाला. ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात करोनाच्या विषाणूची एकाच मापाची अल्पशी मात्रा घालण्यात आली. कोणी लस घेतलेली नव्हती. सर्वजण तिशीच्या आतले. हिशेबात धरलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांना लागण झाली, उरलेल्या १६ जणांना झाली नाही. येथे तर मास्कचा प्रश्न नाही, गर्दीचा नाही, निष्काळजीपणाचा नाही. सर्वांच्या नाकात तोच विषाणू, तितकाच. तरीही जवळजवळ निम्मे सुटले. ते का सुटले ह्याचा शास्त्रज्ञ शोध घेत आहेत, आणि काहींच्या शरीराची घडणच त्यामागे असावी असे धागेदोरे मिळालेही आहेत. पण ज्याचा त्याने काही प्रयत्न केला नव्हता, त्या घडणीला साध्या मराठीत आपण नशीबच म्हणतो.

म्हणजे काळजी व्यर्थ ठरली का? आता दुसरा हिशेब पाहा. २०२० साली फायझर कंपनीच्या लशीची मोठी चाचणी झाली. सुमारे अठरा हजार लोकांना खरी लस दिली आणि तितक्याच लोकांना नुसते मिठाचे पाणी टोचले. कोणाला काय मिळाले हे त्यांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या टोचणीनंतर आठवडाभराने मोजणी सुरू केली, तेव्हा खऱ्या लशीच्या गटात ८ जण आजारी पडलेले आढळले आणि दुसऱ्या गटात १६२. लशीचा गुण ह्याहून स्पष्ट दिसणे कठीण.

परंतु ह्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. मिठाच्या पाण्यावर राहिलेल्या अठरा हजारांपैकी बहुतेक सगळे त्या काळात आजारी पडलेच नाहीत. म्हणजे खरी लस घेतलेल्या एखाद्या गृहस्थाने 'मी लशीमुळे वाचलो' असे म्हटले, तर ते खरे असण्याचा संभव त्या दोन-तीन महिन्यांपुरता तरी फार थोडा. कदाचित तो तसाही वाचला असता. पण १६२ वजा ८ म्हणजे १५४ माणसे तर निश्चित वाचली! ती कोण? त्यांची नावे कोणालाच सांगता येणार नाहीत. त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही. ती अठरा हजारांत मिसळून गेली आहेत.

माझ्या मते साऱ्या वादाची किल्ली ह्या १५४ निनावी माणसांपाशी आहे. जेफ्री रोझ नावाच्या इंग्रज वैद्यकशास्त्रज्ञाने १९८१ साली ह्या कोड्याकडे लक्ष वेधले होते. जी खबरदारी समाजाचे मोठे कल्याण करते, ती एकेका माणसाला फारच थोडे देते. काळजीची फळे झाडाला लागतात खरी, पण कोणते फळ कोणाच्या ओंजळीत पडले हे सांगता येत नाही. तेव्हा 'मी माझ्या काळजीने वाचलो' असे सांगणारा माणूस सर्वांच्या मालकीच्या बागेतले फळ स्वतःच्या नावावर लिहून घेत असतो. आणि 'काळजीने काही होत नाही' असे म्हणणारा त्या १५४ जणांना नाकारतो. त्यांना नावे नाहीत म्हणून ती नाहीतच, असे तो धरून चालतो.

आणखी एक गोष्ट आहे. काळजी घ्यायची तर कशाची घ्यायची, हे आधी कळावे लागते. त्या वसंतात आपण डबे, पिशव्या, भाजी, दुधाच्या बाटल्या साबणाने धूत बसलो होतो आणि खिडक्या मात्र बंद होत्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची तालीम भरली. मंडळींनी हस्तांदोलन टाळले, हात स्वच्छ केले. समजत होते तेवढे सगळे केले. पण बंद खोलीत अडीच तास गाणे चालले. जमलेल्या ६१ जणांपैकी एकाला आधीच बरे नव्हते. पुढे त्याच्यासह ५३ जण आजारी ठरले आणि दोघे दगावले. ती माणसे निष्काळजी होती असे कोण म्हणेल? रोग हवेतून येत होता आणि पहारा हातांवर होता.

आपल्या मुंबईच्या इतिहासात अगदी असेच घडले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे आपल्या जुन्या मशिदीचा परिसर. सरकारने गटारे धुतली, घरे रिकामी केली, भिंतींना चुना लावला. खटाटोप प्रचंड झाला, पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. मधल्या काळात वाल्देमार हाफकिन हा ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे लक्षावधी लोकांना ती मिळाली. तरी १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. हाफकिनवर ठपका आला, आणि तो निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. रांगेत उभे राहिलेल्या गावकऱ्यांनी काय चूक केली होती? त्यांनी तर खबरदारीच घेतली होती.

आणि खबरदारी घेता येणे हेसुद्धा पुष्कळदा नशीबच असते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीत शंभरातील सुमारे ५७ जणांना करोना होऊन गेल्याचे आढळले, तर त्याच विभागांतल्या इतर वस्त्यांत सुमारे १६ जणांना. झोपडपट्टीतला माणूस काय कमी सावध होता? एका खोलीत आठ जण आणि सार्वजनिक संडासासमोर रांग. त्याने अंतर ठेवायचे तरी कोठे? पिनरमध्ये ज्यांच्या घरामागे बाग आहे आणि ज्यांचे काम टेबलावर बसून होते, त्यांना नियम पाळणे सोपे होते. बस चालवणाऱ्याला, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या बाईला, रुग्णालयातल्या परिचारिकेला ते सोपे नव्हते. आपल्या समाजाच्या कितीतरी लेकींनी पिढ्यानपिढ्या परिचारिकेचा पेशा पत्करला आहे. आपण घरात सुरक्षित होतो, कारण कोणीतरी बाहेर होते.

तर मग करावे काय? ह्याचे उत्तर माझ्या मते तोरामध्येच आहे. पाचव्या पुस्तकात, देवारीममध्ये, नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडल्यास त्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. तालमुदात, शब्बाथ ह्या भागाच्या बत्तिसाव्या पानावर, ह्या आज्ञेची चर्चा करताना आपल्या वडीलधाऱ्यांनी धाडसाची गोष्ट सांगितली आहे. ते म्हणतात, जो पडायचा त्याचे पडणे कदाचित सृष्टीच्या आरंभापासून ठरलेलेही असेल. पण ते तुझ्या घरावरून आणि तुझ्या हातून घडू नये. त्याच पानावर दुसरी शिकवणही आहे: चमत्कार होईल ह्या भरवशावर माणसाने धोक्याच्या जागी उभे राहू नये, तो होणार नाही, आणि झालाच तर पुण्याईच्या खात्यातून वजा होईल.

थोडा विचार केला तर लक्षात येईल, की येथे नशीब आणि खबरदारी ह्यांचे भांडणच उरत नाही. नशीब आहे असे मानूनसुद्धा कठडा बांधायचाच आहे. का? तर तो स्वतःसाठी नाही. घरमालकाला आपल्या धाब्याची कड चांगली ठाऊक असते. कठडा असतो तो पाहुण्यासाठी, शेजाऱ्याच्या मुलासाठी, अंधारात वर येणाऱ्या माणसासाठी. तो कोणाला वाचवील हे कधीच कळत नाही. कोणी त्याला टेकून उभा राहिला आणि खाली उतरून घरी गेला, एवढेच घडते. त्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवत नाही. तोही त्या १५४ जणांतलाच.

खबरदारीकडे असे पाहिले की दोन्ही न बोललेली अर्धी वाक्ये गळून पडतात. मास्क, लस, उघडी खिडकी, सर्दी झाली असता शब्बाथच्या तफिल्लाला न जाणे, हा देवाशी केलेला सौदा नव्हे, की मी इतके दिले, आता मला काही होता कामा नये. तो शेजाऱ्याप्रती आपला धर्म आहे. तो पाळूनही आजार आला तर फसवणूक झाली असे होत नाही, आणि आला नाही तर मिरवायचे कारण नाही. आणि जो गेला त्याच्या दारात उभे राहून कठड्याची उंची मोजत बसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जो वाचला त्याने आपल्या वाचण्याचे काय करावे, हा प्रश्न उरतो. सामुएल एझिकेल दिवेकरांची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत ते सापडले. परंपरा सांगते, की ते बेने इस्राएल आहेत हे ऐकून टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. दिवेकरांनी कोणतीही खबरदारी घेतलेली नव्हती. ते वाचले एका म्हातारीच्या शब्दाने. पण आपण इतरांपेक्षा शहाणे म्हणून वाचलो, असे त्यांनी कोठे सांगितल्याचे ऐकिवात नाही. १७९६ साली त्यांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले. नशिबाने मिळालेले आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालण्यात लावले.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण साथी येतच राहणार. पुढची येईल तेव्हा एलियाहू हन्नाबीचे नाव जरूर घ्यावे आणि खिडकीही उघडावी. दुखवट्याचा टेलिफोन करावा लागला, तर 'कुठून लागला' हे विचारू नये. 'जेवलात का' एवढे विचारावे, आणि डबा दारात ठेवून यावा.