स्थळप्रत

४ मे १८९७. पॅरिसमध्ये रू ज्याँ-गूजाँ या रस्त्यावर लाकडी मांडवात धर्मादाय बाजार भरला होता. नव्यानेच आलेली चलच्चित्रं दाखवण्याचीही सोय होती. ती दाखवणाऱ्या यंत्राच्या इथरवर जळणाऱ्या दिव्यामुळे भडका उडाला आणि काही मिनिटांत सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत बहुतेक बड्या घरच्या बायका. नातेवाइकांनी अंगठ्या पाहून, कापडाचे तुकडे पाहून बरीच प्रेतं ओळखली. उरलेल्यांपुढे सगळे हतबल झाले, तेव्हा पॅराग्वेच्या वाणिज्यदूताने सुचवलं की या बायकांच्या दंतवैद्यांना बोलवा. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची धाकटी बहीण, आलाँसोंची डचेस सोफी, अशीच सापडली. पुढच्याच वर्षी ऑस्कर आमोएदो या पॅरिसमधल्या क्यूबन दंतवैद्याने या विषयावर ग्रंथ लिहिला.

दंतवैद्याने डचेसला ओळखलं, असं आपण म्हणतो. खरं तर त्याने ओळखलं ते स्वतःचं काम: कोणत्या दाढेत सोनं भरलं, कुठला दात काढला. ही माहिती आगीच्या आधीपासून त्याच्याकडे होती. म्हणजे ओळख पटवणं हे जुळवणीचं काम आहे. मृतदेहातून मिळते ती पावती. तिची स्थळप्रत जिवंतपणी कुठेतरी राहिलेली असावी लागते. ती नसेल, तर जगातली उत्तम प्रयोगशाळाही फक्त एवढंच सांगेल की बाई, वय तिशी-चाळिशी, उंची मध्यम.

दातांची पावती आगीत टिकते, हे मात्र शरीराचं देणं. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पुढचे दात लवकर तडकतात, पण मागच्या दाढांना गाल आणि जीभ बराच वेळ आडोसा देतात. हाडाचं तसं नाही. ते आधी काळं पडतं, मग राखाडी, शेवटी पांढरंफेक. आणि पांढरं झालेल्या हाडातून डीएनए मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते.

डीएनए आल्यावर जुन्या नोंदींची गरज संपली, असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. १२ जून २०२५ला अहमदाबादला विमान कोसळून पेटलं. जमिनीवरचे धरून २६० जण गेले, त्यांतले अवघे सहा चेहऱ्यावरून ओळखता आले. गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांचा चेहरा अख्ख्या राज्याला पाठ होता, पण त्यांचीही ओळख डीएनएनेच पटली. मृतांत डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडचे विमान कर्मचारीही होते. अशा वेळी स्थळप्रत असते ती आई-वडिलांच्या, मुलांच्या रक्तात. भावाबहिणीचं रक्त तितकं ठाम बोलत नाही, कारण दोन भावंडांत किती वाटा सारखा येईल हे ठरलेलं नसतं.

रक्ताची मर्यादा कुठे आहे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन सख्खे भाऊ एकाच आगीत गेले. आई-वडिलांचा नमुना सांगेल की दोघेही यांचेच मुलगे. थोरला कुठला आणि धाकटा कुठला, हे तो सांगणार नाही. रक्त नातं सांगतं, माणूस सांगत नाही. तिथे पुन्हा त्या एकट्याची अशी खूण लागते. न्हाणीघरातला त्याचा टूथब्रश, त्याचं रेझर, नाहीतर दाढेचा जुना एक्स-रे.

आणि तो एक्स-रे आपल्याकडे कुठे असतो? दवाखान्याने फाइल पेशंटच्याच हातात दिलेली असते. ती कपाटावर, गादीखाली, किंवा रद्दीत. आधारमध्ये बोटांचे ठसे आहेत, पण आगीत आधी बोटंच जातात, आणि वाचली तरी आधारचा कायदा ते ठसे कुणालाही द्यायला मनाई करतो. (ही मनाई मला योग्यच वाटते. पण तिची किंमत अशा दिवशी दिसते.) म्हणून आपला सगळा भार नातेवाइकांच्या रक्तावर येतो.

त्यासाठी नातेवाईक आधी पुढे यायला हवेत. विमानाला प्रवाशांची यादी असते. कोणाच्या घरी फोन करायचा ते कळतं. बाजाराला, कारखान्याला, खेळाच्या जागेला तशी यादी बहुधा नसतेच. तिथे पहिला प्रश्न ‘हे कोण’ असा नसून ‘कोण घरी आलं नाही’ असा असतो आणि त्याचं उत्तर ज्याला कुणीतरी शोधतंय त्याच्यापुरतंच मिळतं. परगावाहून एकटाच आलेला, ठेकेदाराला फक्त पहिल्या नावाने माहीत असलेला मजूर असेल, तर गावाकडे लोक फोन लागत नाही म्हणून काळजी करायला लागेपर्यंत त्याची स्थळप्रत कुणाला सापडत नाही.

२५ मे २०२४ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली. २७ जण गेले. मालकांपैकी एकाचं नाव गुन्ह्यात होतं आणि पोलीस त्याच्या मागावर होते. घरचे म्हणत होते, तो बेपत्ता आहे. आईच्या रक्ताचा नमुना घेतला, तो एका मृतदेहाशी जुळला, आणि फरार आरोपी मृतांच्या यादीत गेला.