टेबल कोणाचं होतं

बुंदीचा पलंग म्हणजे मुळात आजोबांचं टेबल आहे, उलटं ठेवलेलं. सागवानी, बैठं, जेमतेम दीड फूट उंच. आजोबा मांडी घालून बसायचे आणि त्यावर हिशेब लिहायचे. ते गेल्यावर टेबल बाल्कनीत गेलं. त्यावर कुंडी आली, पुढे कुंडीही फुटली, आणि टेबल तीन पावसाळे भिजत राहिलं. साग म्हणून वाळवी लागली नाही, एवढंच.

यंदा पार्किंगमधली बुंदी आमच्याकडे राहायला आली. बैठं टेबल उलटं केलं की चार पाय वर येतात आणि चार खांबांचा छोटा पलंग होतो, हे मी कुठेतरी पाहिलं होतं. एका रविवारी कामाला लागले. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120चा. वर आलेले खिळे पकडीने उपटले. तीन बाजूंना खोक्याच्या फळ्या ठोकल्या, चौथी चढायला मोकळी ठेवली. कुत्री लाकूड चावतात, म्हणून नवीन पॉलिश न लावता लाकूड कोरंच ठेवलं. आत आजीच्या लुगड्यांची गोधडी, चौघडी करून. ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांमध्ये होती आणि त्या गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात, त्यामुळे दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवली. बुंदीने तीन गिरक्या घेतल्या आणि अंगाचं मुटकुळं करून झोपली. मी फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘आजोबा असते तर खूश झाले असते.’ भरपूर बदाम आले.

सोमवारी कामाच्या मावशी आल्या. झाडू हातात धरून पलंगाकडे बघत उभ्या राहिल्या.

“ताई, हे ते बाल्कनीतलं टेबल ना?”

“हो मावशी.”

“छान झालं. मुक्या जिवाची सोय झाली.” आणि त्यांनी पलंग सरकवून खालचा केर काढला.

दोन वर्षांपूर्वी मावशींनी ते टेबल मागितलं होतं. त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती आणि एका खोलीच्या घरात पत्र्याच्या डब्यावर वही ठेवून लिहायची. “वहिनी, पोरीला अभ्यासाला होईल. हवं तर पगारातून कापा,” असं त्या आईला म्हणाल्या होत्या. आई म्हणाली, “अहो, बाबांची आठवण आहे ती. नाही हो देता येणार.” मी तिथेच सोफ्यावर मोबाइल बघत होते. मलाही आईचं पटलं होतं.

यावर एक तयार टोमणा असतो: कुत्र्यांना गाद्या आणि माणसांना फरशी. मला तो मान्य नाही. 1972 साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. तळ्यात बुडणारं मूल दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही, मग दूरचं माणूस उपाशी आहे तेव्हा का थांबतो, असा त्याचा प्रश्न होता. तीनच वर्षांनी त्याच माणसाने प्राण्यांच्या यातनांवर अख्खं पुस्तक लिहिलं. एकाची कणव दुसऱ्याच्या वाट्यातून कापावी लागते असं त्याला वाटलं नाही. आणि बुंदीने कुणाचं काही हिरावलं नव्हतं. ती पोत्यावरही तितकीच गाढ झोपायची.

कुत्रं पाळणारे आम्ही लोक युधिष्ठिराची गोष्ट फार सांगतो. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणाला, वगैरे. त्याआधीचा रस्ता मात्र आम्ही सांगत नाही. द्रौपदी पडली, मग एकेक भाऊ पडला. भीम कारण विचारत होता, आणि हा प्रत्येकाचा दोष सांगत, मागे न बघता चालत होता. पुढे इंद्राकडे त्याने त्यांच्यासाठीही हट्ट धरला, हे खरं. पण चालताना कुत्रं सोबत होतं आणि त्याचा दोष विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

मी टेबलाला हात घातला तेव्हा आठवणीचं काय, असं आईने विचारलं नाही. उलट खिळे उपटताना तिनेच एक बाजू धरली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी अडचण आठवणीची नव्हती. बुंदीला दिलेलं टेबल आमच्याच घरात राहतं, आमचंच राहतं, वर आम्हाला प्रेमळ ठरवतं. मावशींना दिलं असतं तर ते त्यांचं झालं असतं. त्यांनी त्याला निळा ऑइलपेंट फासला असता, नाहीतर अडीअडचणीला विकलं असतं, आणि आम्हाला तोंड उघडता आलं नसतं. शिवाय उद्या त्यांनी आणखी काही मागितलं असतं तर? बुंदी मागत नाही. तिच्यावर माया करायला म्हणूनच धाडस लागत नाही. हे लिहिताना ती पायाशी झोपली आहे आणि मला तिच्यासमोर उगाच ओशाळल्यासारखं होतंय.

आठवडाभराने मी मावशींना म्हणाले, “टेबल परत सरळ करून देऊ का?” त्या हसल्या. “आता काय करता ताई? दहावी झाली तिची. आणि कुत्रीला उठवणार होय?” मग मी ऑनलाइन एक घडीचं टेबल बघितलं, कार्टमध्ये टाकलं. दोन दिवसांनी काढून टाकलं. त्या मुलीला आता काय हवं आहे हे मी विचारलंच नव्हतं. शेवटी विचारलं. मावशी म्हणाल्या, “सांगते विचारून.” अजून काही बोलल्या नाहीत. आग्रह करावा की गप्प बसावं, मला कळत नाही.

परवा आईने माळा काढला. आजीची फिरकीची तांब्याची कळशी, एक शिलाई मशीन, दोन खुर्च्या. मशीन पुसून ती परत वर ठेवायला निघाली. “राहू दे, आजीची आठवण आहे.”

“आई, हे कुणी मागितलं होतं का गं कधी?”

आई स्टुलावर उभी होती, मशीन दोन्ही हातांत. जड होतं. ती बराच वेळ ते वरही ठेवेना आणि खालीही.