रेंज आधी, रजिस्टर नंतर

मुंब्रा, पनवेल, कल्याण, महापे अशा चारी बाजूंची वाहनं शीळफाट्यावर एकमेकांना भिडतात. त्या कोंडीतून सुटलेला पार्सलवाला पोरगा संकुलाच्या गेटवर येऊन पुन्हा अडकतो. वॉचमनकाका टॅबवर त्याचा नंबर टाकतात, ओटीपी यायला हवा, आणि नेमकी तिथेच रेंज नाही. पत्र्याच्या छपराखाली मोबाईल उंच धरून तो उभा. मागे रिक्षांचे हॉर्न. शेवटी काका खणातून जुनी वही काढतात. ‘‘लिही बाबा, नाव-नंबर.’’

वहीचं कौतुक नको. तिच्यात आधी आलेल्या बाईचा नंबर कोणीही वाचावा, आणि चोरी झाली तर अक्षर कोणालाच लागू नये! संगणकावर नोंद क्षणात सापडते. पण ती कोण बघणार, किती दिवस ठेवणार? माहिती कामापुरतीच घ्यावी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा फोटो रोज कशाला, असं कोणी विचारलं की सोसायटीच्या सभेत सगळे मोबाईलमध्ये बघू लागतात.

रेंजची गोष्ट आणखी गमतीची. फाईव्ह-जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी काँक्रीट आणि सळयांपुढे लवकर दमतात. सातशे मेगाहर्ट्झच्या त्या मानाने बऱ्याच आत शिरतात. म्हणून खिडकीत पूर्ण दांड्या आणि पोडियमखालच्या पार्किंगमध्ये शून्य. रेंज सगळ्यांना हवी, टॉवर मात्र शेजारच्या गच्चीवर. किरणोत्सर्गाची भीती वाटते म्हणून. वास्तविक १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. उलट सिग्नल क्षीण असला की हातातला फोनच जास्त ताकद लावून लहरी सोडतो, आणि तो तर आपण कानाला लावून बसतो.

काही जण ऑनलाइन बूस्टर मागवतात. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा, शिवाय शेजाऱ्यांच्या रेंजची वाट लागते ती वेगळीच. रीतसर उपाय म्हणजे इमारतीच्या आत कंपन्यांकडूनच छोटे अँटेना बसवून घेणं. इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारांकन देण्याचे नियम दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२४ मध्ये केलेत. फ्लॅट बघायला जाताना पाण्याच्या प्रेशरबरोबर हेही विचारावं.

गेटसाठी तर एवढंही लागत नाही. केबिनपर्यंत ब्रॉडबँडची केबल, वीज गेली तरी चालणारा राउटर आणि नेट नसताना नोंद साठवून ठेवणारं ॲप, बस. येणाऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी धाडण्यापेक्षा घरमालकाला इंटरकॉमवर विचारलं तरी भागतं. पुढच्या सभेत केबलचा ठराव आधी मांडा. ॲपवाल्यांची कोटेशनं त्यानंतर मागवा.