तहान आणि मूळ

विपत्तीनें माणूस खंबीर होतो, असें आपण मुलांना नेहमीं सांगतों. आणि त्याला गव्हाचा दृष्टांत मोठा सोयीचा पडतो. ज्या शेताला वरचेवर थोडथोडें पाणी मिळतें, तेथील ओल वरच्या वीतभर मातींतच राहते. मुळेंही तेथेंच घुटमळतात, आणि एखादी पाळी चुकली कीं पीक माना टाकतें. उलट, पाणी कमी वेळां पण भरपूर दिलें, म्हणजे तें खोल मुरतें. वरचा थर सुकला तरी मुळें ओलीच्या मागोमाग उतरतात. खोल जमिनींत तीं चार-पांच फूट जातात, आणि पुढें ओढ पडली तरी पीक तग धरतें.

‘तहानेनें मूळ खोल जातें,’ हा सिद्धान्त यावरून मीं वर्षानुवर्षें वर्गांत मांडला. फी भरण्यास साह्य मागावयास आलेल्या एका विद्यार्थ्यालाही मीं हाच उपदेश करून परत पाठविलें. पुढील सहामाहींत तो वर्गांत दिसला नाहीं.

पुढें नेब्रास्का विद्यापीठांतील जॉन वीव्हर यांचा पिकांच्या मुळांवरील १९२६ सालचा ग्रंथ हातीं आला. त्यांनीं शेतांत खोल चर खणून मुळें प्रत्यक्ष मोजलीं होतीं. अमेरिकेच्या मैदानी मुलखांत जेथें तळची माती ओली होती, तेथें गव्हाचीं मुळें खोल गेलीं. जेथें ओल तळापर्यंत पोंचतच नव्हती, त्या कोरड्या भागांत तीं उथळ राहिलीं. तहान तर तेथेंच अधिक होती! मूळ सुक्या मातींत शिरत नाहीं. तें ओलींतूनच वाट काढतें.

आपल्या दख्खनच्या काळ्या रानांतील कोरडवाहू गहूं एकही पाणी न देतां पिकतो, तो कांहीं तहानेच्या बळावर नव्हे. पावसाळ्यांत मुरलेली ओल त्या मातीनें जपून ठेविलेली असते. बागायती गव्हालाही पेरणीनंतर सुमारें २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं, पाणी द्यावेंच लागतें. ती वेळ चुकली, तर मागाहून दिलेल्या पाण्यानें नुकसान पुरतें भरून येत नाहीं.

टंचाईला कांहींच मोल नाहीं, असें मी म्हणत नाहीं. वरचा थर सुकणें हिताचेंही असूं शकतें. परंतु खालीं ओल असेल, तरच. ती अट न पाहतां दृष्टांत देणें, हा तर्कशास्त्र शिकविणाऱ्याला न शोभणारा प्रमाद होय. त्या मुलाच्या पायांखालीं ओल किती होती, हें मीं विचारलेंच नव्हतें.