माती जागची हलते तेव्हा

केम म्हटलं की कुणाला कुंकू आठवतं, कुणाला पुण्याहून येताना कुर्डुवाडीच्या अलीकडे लागणारं रेल्वे स्टेशन. पाऊस मात्र इथे करमाळा तालुक्याच्या रीतीचाच, आला तर आला. अशा तालुक्यांत सरकार गेली ऐंशीएक वर्षं माती हलवत आलं आहे. १९४२चा मुंबई जमीन सुधारणा कायदा झाला आणि सोलापूर-विजापूरकडे समपातळीतले बांध पडू लागले. १९७२च्या दुष्काळात लाखो हातांनी पाझर तलाव आणि नालाबांध केले. पुढे २०१४ला जलयुक्त शिवार आलं, २०१७ला गाळमुक्त धरण. टिकाव-फावड्याची जागा पोकलेनने घेतली, आणि एका उन्हाळ्याचं काम चार दिवसांत उरकू लागलं.

या मृदसंधारणाच्या कामावर पुरातत्त्वज्ञ नेमला तर तो काय करील? प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय मृदसंधारण खात्यात असे लोक पगारावर असतात. १९६६च्या तिथल्या वारसा कायद्यामुळे सरकारी पैशातून तळं खोदण्याआधी त्या जागेत जुनं काही आहे का, हे बघावं लागतं. आपल्याकडे पुरातत्त्व एका खात्यात आणि मृद व जलसंधारण दुसऱ्यात. त्यामुळे पोकलेनच्या पुढे चालणारा हा माणूस आपल्या कामांवर सहसा नसतोच.

लोकांना वाटतं, पुरातत्त्वज्ञ वस्तू शोधतो. वस्तू तर नांगरालाही सापडतात. पुरातत्त्वज्ञाला हवी असते ती वस्तूची जागा: ती कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी काय होतं, वर काय साचलं होतं. जागा गेली की वस्तू मुकी होते.

दायमाबादचं उदाहरण घ्या. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं हे गाव. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. भारतात क्वचितच असं काही हाती लागलं असेल. पण त्या वस्तू पुरातत्त्वज्ञाच्या देखत मातीतून निघाल्या नाहीत. मग पुढची अनेक वर्षं वाद. कुणी त्या उत्तर-हडप्पा काळात नेल्या, कुणी धातूतल्या आर्सेनिककडे बोट दाखवून शंका काढली. गावाचं रीतसर उत्खनन नंतरही झालं, पण त्या चार वस्तू आधीच बाहेर आल्या होत्या.

उलट इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खणलं. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, झाकण असलेली एक पेटी मिळाली. सोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते. भाजलेलीसुद्धा नाही ही माती. पावसात ठेवली तर चिखल होईल. तरी तीन हजार वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातल्या एका घराने काय पुजलं असेल, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. कारण ती घराखाली, मुद्दाम पुरलेली, जागच्या जागी सापडली. पोकलेनच्या बकेटमध्ये ती ढेकळाहून वेगळी दिसली नसती.

आता गंमत अशी, की मृदसंधारणवाल्यालाही नेमकं हेच हवं असतं. माती जागची हलू नये. वळवाचा एक जोरदार पाऊस उताराच्या रानावरची वरची माती खरवडून नेतो आणि मागे राहतात खडे आणि खापरं. हजार वर्षांचं खापर आणि परवाचा फुटका माठ एकाच पातळीवर शेजारी शेजारी पडतात, कारण मधली माती वाहून गेलेली असते. ज्या बांधाने ती अडवली, त्याने शेतकऱ्याची कस असलेली माती राखली आणि पुरातत्त्वज्ञाचे थरही. बांधाच्या पोटाखालची जमीन तर बांध घातला त्या दिवशी होती तशी झाकली जाते.

फरक एवढाच, की एकराची माती थांबवायला संधारणवाला एका खड्ड्याची माती उचलतो, आणि ते रास्तच आहे. बांधाला माती कुठून तरी आणावीच लागते. अडचण येते ती हा खड्डा नेमका पांढरीत पडला तर. जुन्या गावठाणाची ती भुरी, राखेने भरलेली, उंचवट्याची जमीन. ती भुसभुशीत, खणायला सोपी आणि जवळ. त्यामुळे मुकादमाची नजर तिच्यावर आधी जाते. शेतकरीही पिढ्यानपिढ्या पांढरीची माती गाड्या भरभरून काळ्या रानात टाकत आले, कारण तिच्यात खताचा कस. त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्यामुळे असंही होतं की जिथे कधी चूलही पेटली नाही त्या शेतात खापरं मिळतात. आता तलावातला गाळ शेतात जातो आहे. त्यात वरच्या अंगाच्या वाडीवस्त्यांची वाहून आलेली खापरं असणार. दोनशे वर्षांनी कुणी ती वेचली तर या शिवारात केवढं गाव वसलं होतं म्हणून चकित होईल.

कायद्याकडे पाहावं तर १९५८चा केंद्राचा कायदा घोषित स्मारकांचा. २०१० नंतर त्यांच्याभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आहे. बिननावाच्या पांढरीला त्या मनाईचा काय उपयोग? १८७८चा निखात निधीचा कायदा अजून आहे. दहा रुपयांवर किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. इनामगावच्या त्या कच्च्या मातीच्या बाईला दहा रुपये कोण लावणार होतं?

म्हणून केमसारख्या गावी असा माणूस नेमला तर त्याचं काम फारसं पराक्रमाचं नसेल. आखणीच्या रेषेवरून चालायचं, नांगरटीत खाली बघत. नाल्याच्या कापलेल्या काठाशी उकिडवं बसून बघायचं की काळ्या मातीखाली सरळ पिवळा मुरूम लागतो, की मधे बोटभर राखाडी पट्टा आहे, त्यात कोळशाचे कण, हाडाचा तुकडा. बहुतेक ठिकाणी काहीच नसेल. तसं लिहून सही करायची, म्हणजे काम थांबलं म्हणून गाव ओरडत नाही. जिथे पट्टा दिसेल तिथे बांध राहू द्यायचा आणि मातीचा खड्डा तेवढा पलीकडच्या मुरमाड पडीकात हलवायला सांगायचा. कंत्राटदार वाहतुकीचे पैसे वाढले म्हणेल. ते अंदाजपत्रकात आधीच धरले असतील, तरच हा माणूस तिथे टिकेल.